बाथरूमला वास आला म्हणून टाकी उपसायची घाई नको : नाशिकच्या एका रो हाऊसमधलं काम

नाशिकच्या कडेच्या वस्त्यांत, म्हणजे पाथर्डी फाटा, म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव या बाजूंना, अजूनही पुष्कळ घरं सेप्टिक टँकवर चालतात. अशा घरातून फोन येतो तेव्हा बहुतेक एकच वाक्य ऐकायला मिळतं : "बाथरूममध्ये फार वास येतोय, टाकी भरली वाटतं, गाडी पाठवा." पण टाकी भरल्याच्या खुणा वेगळ्या असतात. संडासातलं पाणी रेंगाळत उतरतं, खालच्या मजल्यावरच्या मोरीतून पाणी उलटं येतं, चेंबरचं झाकण उचललं की आत तुंबलेलं दिसतं. पाणी सुरळीत जातंय आणि नुसता वास येतोय, तर दोष बहुधा घरातच असतो. कुठल्यातरी ट्रॅपमधलं, म्हणजे गॅस अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या जाळीखालच्या भागातलं, पाणी गेलेलं असतं, नाहीतर पाइपातल्या हवेला वर निघायला वाट नसते. अशा वेळी टाकी उपसली तरी आठवड्याभरात वास परत येतो आणि पैसे गेलेले असतात. म्हणून आम्ही काम आतून बाहेर करत जातो. आधी जाळी आणि ट्रॅप, मग कमोडचा सांधा, मग गच्चीवरचा व्हेंट, म्हणजे हवेचा उभा पाइप, मग चेंबर, आणि टाकी सगळ्यात शेवटी.

इथे सांगतोय ते काम पाथर्डी फाट्याच्या बाजूचं, मे अखेरचं. तळमजला आणि वर एक मजला, राहणारी माणसं सहा. खाली एक कॉमन संडास-बाथरूम, मागच्या खोलीला जोडून आणखी एक बाथरूम, वर एक. मागच्या अंगणात वॉशिंग मशीन आणि भांड्यांची मोरी, तिथेच सेप्टिक टँक आणि त्याच्या पुढे शोषखड्डा. वासाच्या जागा तीन होत्या. मागच्या बाथरूममध्ये दिवसभर, कॉमन संडासात सकाळच्या वेळी, आणि वरच्या खोलीत रात्री खिडकी उघडली की.

वास कसा आहे हे घरच्यांना नीट विचारून घ्यावं लागतं, कारण अर्धं उत्तर तिथेच मिळतं. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, तो मैल्याच्या लाइनमधून किंवा टाकीतून येतो. कुबट, साबण आणि केस कुजल्यासारखा वास जाळीखालच्या बुळबुळीत थराचा असतो, त्याचा टाकीशी संबंध नाही. नाकात झोंबणारा, लघवीसारखा वास कमोडच्या बुडातून किंवा फरशीच्या फटींतून येतो. या घरात तिन्ही प्रकार होते, म्हणजे एका इलाजाने भागणार नव्हतं हे पहिल्याच दिवशी कळलं.

कुठल्या तोंडातून वास येतोय हे शोधायला महागडं यंत्र लागत नाही. जाड प्लॅस्टिक आणि दोन इंची पॅकिंग टेप पुरते. रात्री झोपण्याआधी बाथरूमची फरशी कोरडी पुसायची, प्रत्येक जाळीवर आणि बेसिनच्या तोंडावर प्लॅस्टिक पसरून चारी कडा टेपने बंद करायच्या. दार-खिडकी लावून घ्यायची आणि एक्झॉस्ट फॅन बंद ठेवायचा. सकाळी दार उघडल्या उघडल्या वास असेल तर तो कुठल्या तोंडातून येत नाहीये, सांध्यातून किंवा भिंतीतून येतोय. वास नसेल तर एकेक प्लॅस्टिक काढायचं, आणि पुढचं काढण्याआधी दहा मिनिटं थांबायचं, कारण नाक लवकर सरावतं. मधे बाहेर अंगणात जाऊन यावं. एक्झॉस्ट फॅनचं मुद्दाम सांगतोय. दार बंद करून फॅन लावला की खोलीत ओढ तयार होते आणि ट्रॅपमध्ये पाणी कमी असेल तर फॅन सरळ गटारातली हवा खोलीत खेचतो. वास घालवायला लावलेला फॅनच वास आणत असतो.

मागच्या बाथरूममध्ये जाळीवरचं प्लॅस्टिक काढताच भपकारा आला. आजींना विचारलं, "आजी, या बाथरूममध्ये शेवटचं पाणी कधी पडलं?" त्या म्हणाल्या, "लेक माहेरी येते तेव्हाच वापरतो आम्ही." जाळी काढून टॉर्च मारला तर खाली जुन्या पद्धतीचा उपड्या वाटीचा ट्रॅप होता. त्यात जाळीखालची वाटी पाण्यात बुडालेली असते आणि तेवढ्या पाण्यानेच गॅस अडतो. पण या वाटीच्या कडेला पाणी उभं राहतं ते जेमतेम बोटाच्या एका पेराएवढं. नाशिकचं मे महिन्यातलं कोरडं ऊन असलं की ते काही दिवसांत आटून जातं. शिवाय साफ करताना वाटी काढतात, परत बसवत नाहीत, किंवा तिरकी बसवतात. मग नुसतं उघडं भोक उरतं. चांगल्या नहाणी ट्रॅपमध्ये पाण्याचं सील, म्हणजे गॅस अडवणारं उभं पाणी, ५० मिलिमीटर असावं लागतं. ट्रॅप विकत घेताना दुकानात उभं राहून त्यात पाणी ओतावं आणि पट्टी घालून मोजावं. स्टीलच्या चकचकीत जाळीला भुलू नये, खाली काय आहे ते बघावं.

तो ट्रॅप बदलायचा ठरला. जाळीभोवतीची फुटभर चौकोनी फरशी फोडली, जुना ट्रॅप काढला. नवा घेतला तो पी आकाराचा, वर ११० मिलिमीटर आणि बाजूला ७५ मिलिमीटर तोंडाचा, अखंड पीव्हीसीचा. पाइपाला दर फुटाला पाव इंच उतार ठेवला. उतार याहून फारच जास्त दिला तर पाणी पुढे पळतं आणि घाण मागे राहते, कमी दिला तर गाळ बसतो. पाइप आणि ट्रॅपचं तोंड कोरड्या फडक्याने पुसून, दोन्हीकडे सॉल्व्हंट सिमेंट लावून, पाव वळसा फिरवत बसवलं आणि अर्धा मिनिट दाबून धरलं. धूळ किंवा ओल राहिली तर हाच सांधा पुढे गळतो. ट्रॅप अगदी पातळीत बसला पाहिजे, कारण तो तिरका बसला तर सील एका बाजूने उथळ होतं. म्हणून वर लेव्हल ठेवून खाली काँक्रीट भरलं. फरशी लगेच लावली नाही. ट्रॅप भरून, तोंड बंद करून एक दिवस ठेवला, पाणी उतरलं नाही हे बघितलं आणि मगच कडेने वॉटरप्रूफिंगचा हात मारून फरशी बसवली.

कमी वापरातल्या बाथरूमसाठी आठवड्याला एक तांब्या पाणी पुरतं. घर महिनाभर बंद राहणार असेल तर पाणी भरून त्यावर दोन चमचे लिक्विड पॅराफिन सोडावं. ते पाण्यावर तरंगतं आणि बाष्प उडू देत नाही. गोडेतेलही चालतं, पण ते पुढे खवट होतं.

कॉमन बाथरूमच्या जाळीचा वास कुबट होता. तिथे ट्रॅप चांगला होता, पाणीही पुरेसं होतं. जाळी उलटी केली तर खालच्या अंगाला करडा, जेलीसारखा थर आणि त्यात केसांचा गुंता. हा साबणाची चरबी, अंगावरचा मळ आणि त्यावर वाढलेल्या जिवाणूंचा थर असतो. तो ट्रॅपच्या पाण्याच्या वर, म्हणजे खोलीच्या बाजूला असल्यामुळे त्याचा वास सील अडवू शकत नाही. तो हाताने खरवडूनच काढावा लागतो. रबरी हातमोजे घालून केस काढले, मग अर्धी बादली कढत पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून लांब दांड्याच्या ब्रशने ट्रॅपचा गळा आतून घासला. पाणी उकळतं घेऊ नये. पीव्हीसी साधारण ६० अंशांपुढे मऊ पडायला लागतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. फेस दिसायला जोरदार असतो, पण दोन्ही एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. महिन्यातून एकदा जाळी काढून घासली तर याची गरजच पडत नाही.

ॲसिडबद्दल मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं. वास आला की बाटलीभर ॲसिड ओतायची सवय घराघरात आहे. मैल्याच्या गाळात सल्फाइड साठलेलं असतं. त्यावर ॲसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड एकदम मोकळा होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. शिवाय ॲसिड सिमेंटचे सांधे खातं आणि टाकीत पोचलं तर तिथले मैला कुजवणारे जिवाणू मारतं. घरात लहान मूल किंवा दम्याचा त्रास असलेलं माणूस असेल तर ही बाटली घरात ठेवूच नये.

कमोडच्या बुडाशी झोंबणारा वास होता. कमोडचा आणि खालच्या पाइपाचा सांधा नुसत्या पांढऱ्या सिमेंटने भरलेला होता. माणूस बसतो-उठतो तसं कमोड केसभर हलतं, सिमेंट कडक असल्यामुळे त्याला चीर पडते, आणि त्या चिरेतून थोडं पाणी आणि पुष्कळ वास बाहेर येतो. पारख सोपी आहे. बुडाभोवती कोरडा टिश्यू पेपर दाबून दोनतीनदा फ्लश करायचा आणि कागद ओला होतो का बघायचं. इथे मागच्या बाजूला ओला झाला. कमोड सोडवून वर घेतलं, जुनं सिमेंट तासून काढलं आणि रबराचा पॅन कनेक्टर घालून परत बसवलं. कनेक्टरच्या ओठांना साबणाचं पाणी लावलं की तो न दुमडता आत जातो. बुडाच्या कडेला सिलिकॉन सीलंट लावलं, पण मागच्या बाजूला दोन बोटं जागा मोकळी सोडली. पुढे कधी गळती झाली तर पाणी तिथून दिसेल, फरशीखाली मुरत राहणार नाही.

एवढं होऊनही एक खटकत होतं. वरच्या मजल्यावर फ्लश ओढला की खालच्या कॉमन बाथरूमच्या जाळीतून गुडगुड असा आवाज यायचा. ट्रॅपमध्ये पट्टी उभी धरली, पाण्याची रेघ खुणावली आणि वर फ्लश करायला सांगितलं. पाणी खाली ओढलं जाऊन हिंदकळलं आणि स्थिरावलं तेव्हा रेघेच्या चांगलं खाली होतं. आणखी एकदा फ्लश केल्यावर अजून खाली. म्हणजे वरून येणारा पाण्याचा लोट आपल्यामागे हवा ओढत होता, आणि गच्चीवरून हवा मिळत नसल्यामुळे ती खालच्या ट्रॅपमधून खेचत होता. सकाळी सगळ्यांची आंघोळ-संडास एका तासात होते, म्हणून वासही सकाळीच जास्त. ट्रॅप कितीही चांगला बसवा, व्हेंट बंद असेल तर त्यातलं पाणी टिकत नाही.

गच्चीवर गेलो तर कारण समोरच होतं. वॉटरप्रूफिंग करताना उभा पाइप स्लॅबपासून वीतभर ठेवून कापला होता आणि वर एंड कॅप मारली होती. असं पुष्कळ गच्च्यांवर आढळतं. काम करणाऱ्याला तो पाइप वाया गेलेला वाटतो, कारण त्यातून पाणी कधी येताना दिसत नाही. कॅप कापून काढली, कपलर लावून ७५ मिलिमीटरचा पाइप गच्चीच्या वर दोन मीटर नेला आणि माथ्यावर काऊल, म्हणजे हवा जाऊ देणारी टोपी, बसवला. मे महिन्यात गच्चीवर कुरडया-पापडांची वाळवणं घातलेली असतात, मुलं रात्री झोपायला असतात, त्यामुळे कंबरेएवढा पाइप ठेवून भागत नाही, हवा माणसांच्या डोक्यावरून गेली पाहिजे. पाण्याची टाकी आणि जिन्याची खिडकी यांच्यापासूनही तो लांब घ्यावा. कॅप काढल्यावर परत तीच पट्टीची चाचणी केली. पाणी थोडं हललं आणि मूळ रेघेवर येऊन थांबलं. गुडगुड बंद.

वरच्या खोलीतल्या रात्रीच्या वासाचं कारण सेप्टिक टँकचा स्वतःचा व्हेंट होता. हा पाइप कमीत कमी ५० मिलिमीटरचा लागतो. या घरात माप बरोबर होतं, उंची चुकली होती. पाइप भिंतीला लागून वर येत नेमका खिडकीच्या खालच्या कडेशी संपत होता. टाकी घराला लागून असेल तर व्हेंट गच्चीच्याही वर दोन मीटर जायला हवा. हिवाळ्यात हे फार जाणवतं. निफाड-नाशिककडच्या थंडीत पहाटे हवा गार आणि थिजलेली असते, बाहेर पडलेला गॅस वर न जाता अंगणातच बसतो. पाइप वाढवला, दर चार फुटांवर क्लँप मारले आणि तोंडाला बारीक जाळी बांधली. जाळी नसेल तर सेप्टिक टँकमध्ये क्युलेक्स डास भरपूर होतात. पण तीच जाळी कोळिष्टकांनी बुजते, म्हणून वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईत तीही झटकून घ्यावी.

अंगणात गली ट्रॅपची, म्हणजे मोरीच्या सांडपाण्याच्या बाहेरच्या ट्रॅपची, अवस्था नेहमीचीच. भांड्यांच्या मोरीचं तूप-तेल थिजून त्याचा पांढरा थर बसला होता, आणि वॉशिंग मशीनचा लवचीक पाइप तसाच आत खुपसलेला होता. ट्रॅप साफ करून पाइपाच्या तोंडाला फट बंद करणारं रबरी कडं (ग्रोमेट) लावलं. मशीनचं साबणाचं पाणी एकदम लोटाने येतं, ते टाकीत घेतलं तर तळाचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो. या घरात ते आधीच टाकीला वळसा घालून पुढे काढलं होतं, ते तसंच ठेवलं.

टाकीच्या अलीकडचं चेंबर एका बाजूला खचलेलं निघालं. हे आपल्या काळ्या मातीचं काम. उन्हाळ्यात ती आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते. पाइप थेट या मातीत टाकला तर दरवर्षी तो वर-खाली ओढला जातो आणि चेंबरपाशी, जिथे पाइप सिमेंटात घट्ट पकडलेला असतो, तिथेच सांधा उघडतो. मग गॅस मातीतल्या भेगांतून जोत्यापर्यंत पोचतो आणि घरात कुठेच काही सापडत नाही. आम्ही पाइपाच्या खाली आणि दोन्ही बाजूंना वीतभर काळी माती काढली, मुरूम भरून पाणी मारून ठोकला, त्यावर वाळूचा थर देऊन पाइप टेकवला. चेंबरच्या तळाला अर्धगोल नाळ काढून सिमेंटने गुळगुळीत केली, म्हणजे मैला कोपऱ्यात साठत नाही.

आता टाकी. टाकीच्या बाबतीत एक नियम आम्ही कधीही मोडत नाही : माणूस आत उतरवायचा नाही. तोंडाला रुमाल बांधून, कमरेला दोरी लावूनही नाही. "दोनच मिनिटांचं काम आहे" असं कुणी म्हणालं तरी नाही. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना वास येतो, पण प्रमाण वाढून दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. आत गेलेल्या माणसाला वाटतं हवा स्वच्छ आहे, आणि तो तिथेच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. अशा बातम्या दरवर्षी येतात आणि मरणारे बहुतेक विशी-तिशीतले मजूर असतात. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँकच्या धोकादायक हाताने सफाईला कुणालाही लावणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गटारात किंवा टाकीत मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख ठरवली होती, ती २०२३ मध्ये तीस लाख केली. दिवा किंवा काडी पेटवून आतला गॅस बघण्याची जुनी पद्धतही तितकीच घातक. टाकीत मिथेन असतो, आणि हवेत तो ५ ते १५ टक्के असला की ठिणगीने स्फोट होतो.

झाकणं उघडून अर्धा तास सगळ्यांना लांब ठेवलं. अंगणात लहान मुलं होती, त्यांना घरात पाठवून दार लावून घेतलं. मग माप. दहा फुटी वेळूच्या खालच्या चारेक फुटांना जुन्या पांढऱ्या टॉवेलची पट्टी घट्ट गुंडाळायची, तो तळाला टेकेपर्यंत सरळ खाली सोडायचा, दोन-तीन मिनिटं धरायचा आणि सावकाश वर घ्यायचा. पाण्यातला भाग नुसता ओला करडा दिसतो, गाळातला भाग काळाकुट्ट होऊन येतो आणि त्यात काळे कण धाग्यांत अडकलेले असतात. दोन्हींमधली रेघ अगदी स्पष्ट असते. इथे ती ५२ सेंटिमीटरवर होती. वरची साय, म्हणजे पाण्यावर तरंगणारा मैल्याचा थर, मोजायला दुसऱ्या काठीच्या टोकाला आडवी फळी ठोकून ती साय फोडून खाली घालायची आणि वर ओढत आणायची. फळी सायीच्या पोटाला अडते तिथे काठीवर खूण करायची. साय १४ सेंटिमीटर होती. टाकीत पाण्याची खोली १२० सेंटिमीटर, त्यातली ६६ गाळ आणि सायीने खाल्लेली. मैल्याला स्थिरावायला मधे निवळ पाणी उरावं लागतं. गाळ आणि साय मिळून निम्म्यावर गेली की उपसायची वेळ झाली. म्हणजे वासाचं मूळ वेगळीकडे होतं, पण टाकीचीही वेळ झालेली होती.

टाकी आतून १.८ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद होती, म्हणजे सुमारे १,९४० लिटर. सहा माणसांना हे माप ठीक आहे. आयएस २४७० या भारतीय मानकात लहानात लहान टाकी १,००० लिटरची, किमान ७५ सेंटिमीटर रुंद आणि १ मीटर पाण्याच्या खोलीची सांगितली आहे. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट असावी. माणशी वर्षाला ४० ते ७५ लिटर गाळ साठतो असं धरलं तर अशी टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. "आमची टाकी पंधरा वर्षांत एकदाही भरली नाही" असं लोक अभिमानाने सांगतात. त्यांची टाकी कधीच भरलेली असते, फक्त गाळ पुढे शोषखड्ड्यात जात असतो. शोषखड्डा एकदा गाळाने लिंपला गेला की तो उकरून नवा करावा लागतो, आणि त्याचा खर्च गाडीच्या कितीतरी पट. आपल्याकडे काळ्या मातीत पाणी मुरतच नाही आणि खाली काळा पाषाण लागतो. खड्डा मधल्या मुरमाच्या थरापर्यंत पोचलेला असला तरच चालतो, तेव्हा असलेला खड्डा जपणं महत्त्वाचं. जवळच सिन्नरमध्ये नगरपालिकेने घरोघरच्या टाक्या ठरलेल्या पाळीने उपसायची योजना आखली, ती याच कारणासाठी योग्य वाटते.

गाडी बोलावताना आधी विचारावं की रिकामी कुठे करणार. मलनिस्सारण केंद्रात नेतो म्हणाला तर तशी पावती मागावी. रात्री नाल्यात सोडलेला मैला नासर्डीतून किंवा वाघाडीतून शेवटी गोदावरीतच जातो. गाडी उभी राहते तिथून टाकीपर्यंतचं अंतरही आधीच सांगावं, नाहीतर होज कमी पडते आणि लोक बादल्यांवर येतात. तळाचा गाळ घट्ट झालेला असला की नुसतं वरचं पाणी ओढून गाडी निघून जाते. इथे आधी साय काठीने फोडून घेतली, मग गाडीवाल्या भाऊंनी होजमधून थोडं पाणी उलटं सोडून तळ ढवळला आणि मग ओढलं. परत वेळू घालून बघितला. तळाला इंचभर गाळ मुद्दाम राखला. विरजणासारखा तो पुढच्या मैल्याला लागतो. टाकी घासून-धुऊन लख्ख करणं, जंतुनाशक ओतणं हे नुकसानीचं आहे. बाजारातली जिवाणूंची पाकिटंही चालू टाकीत घालायची गरज नसते. अगदी नवी कोरी टाकी सुरू करताना चालू टाकीतला थोडा गाळ, नाहीतर कुजलेल्या शेणाचा काला घातला की पुरतं.

रिकामी टाकी तशी सोडत नाहीत. लगेच बाहेर जायच्या पाइपापर्यंत साधं पाणी भरून घ्यावं. पाऊस तोंडावर असताना तर हे टाळूच नये. काळी माती फुगून रिकाम्या टाकीच्या भिंतीवर दाब येतो, आणि प्लॅस्टिकची टाकी असेल तर ती मातीतून वर उचलली जाते. भर पावसात टाकी उपसू नये ती याचमुळे.

भरण्याआधी आत येणाऱ्या पाइपाचं तोंड बघितलं. तिथे टीऐवजी, म्हणजे तीन तोंडांच्या जोडाऐवजी, खाली वळलेला एल्बो (कोपऱ्याचा जोड) होता. एल्बोत साय आणि कागद अडकतात, वरून काठी घालता येत नाही. ११० मिलिमीटरचा टी लावला, त्याचं खालचं टोक पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटर आणि वरचं सायीच्या वर उघडं. बाहेर जाणाऱ्या तोंडाला टी होता, आणि ते आत येणाऱ्या तोंडापेक्षा ५ सेंटिमीटर खाली होतं, तसंच हवं. हे काम झाकणाच्या तोंडातून, ब्लोअरने हवा खेळती ठेवून, डोकं बाहेर ठेवून लांब पकडीने झालं, कारण तोंड नेमकं पाइपाच्या वर होतं. ते तसं नसतं तर वरून स्लॅबला नवं तोंड पाडायचं, माणूस उतरवायचा नाही.

शेवटी झाकणं. जुनी सिमेंटची झाकणं सांध्याला फुटली होती. नवी जाड, कड्यांची घेतली आणि कडेला सिमेंट न लावता चिकणमाती आणि ग्रीसने बंद केली, म्हणजे पुढच्या वेळी फोडावी लागत नाहीत. घरच्यांना संडासात काय टाकायचं नाही ते सांगितलं : सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स, चहाचा चोथा, तळणीचं तेल. वाइप्सच्या पाकिटावर विरघळतात असं लिहिलेलं असलं तरी ते टाकीत तसेच सापडतात. मीटरच्या पेटीच्या दाराला आतून ऑइल पेंटने उपसल्याची तारीख, टाकीचं माप आणि उपसण्याआधीचा गाळ लिहिला. पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी चेंबर उघडून पाणी मागे येतंय का ते बघायचं, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून दर मे महिन्यात वेळू घालून गाळ मोजायचा, असं ठरलं.